पाणी भरपूर, टाकी रिकामी: कळंबा रोडवरच्या एका घराचं प्रकरण

बोअर मारायची की जमिनीत आणखी एक टाकी बांधायची, एवढाच प्रश्न घेऊन हे कुटुंब माझ्याकडे आलं होतं. कोल्हापुरात घरबांधणीची आणि दुरुस्तीची छोटी-मोठी कामं मी करते, त्यामुळे उन्हाळा लागला की हा प्रश्न दरवर्षी कानावर येतो. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण या घरच्यांनी मनापासून मोजमाप ठेवलं आणि शेवटी बोअरही मारावी लागली नाही, टाकीही बांधावी लागली नाही.

घर कळंबा रोडच्या एका आतल्या गल्लीत आहे. दोन मजली, वरचा स्लॅब साधारण १२०० चौरस फुटांचा. निवृत्त शिक्षक असलेले काका, काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं अशी सहा माणसं. धुण्या-भांड्याला मावशी येतात. पुढच्या अंगणात ५०० चौरस फुटांची हिरवळ, कडेनं दोन नारळ, पेरू, सोनचाफा, जास्वंद, कढीपत्ता, आणि गच्चीवर कुंड्या. जमिनीतली टाकी २००० लिटरची, गच्चीवरची १००० लिटरची. नळाला पाणी येतं पहाटे. एरवी दिवस निभायचा. पण एप्रिल-मेमध्ये काही आठवडे पाणी एकाआड एक दिवस यायला लागलं, की दुसऱ्या दिवशी दुपारीच मोटर कोरडी फिरायची. मग शेजाऱ्यांबरोबर निम्मा-निम्मा टँकर.

काकांना हे मनातून पटतच नव्हतं. “शाहू महाराजांनी राधानगरी धरणाची सोय करून ठेवलीय, आता काळम्मावाडी धरणाचंही पाणी आलंय. आपल्याकडं पाण्याला काय तोटा?” असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी अशा नद्या एकत्र येऊन इथं पंचगंगा होते. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात पोचलं. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पश्चिमेला गगनबावड्याकडं तर त्याच्या कितीतरी पट. पण नदीत असलेलं पाणी आणि आपल्या बादलीत पडणारं पाणी यांच्यामध्ये जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आहे, पंप आहेत, वीज आहे, मैलोन्‌मैल पाइप आहे. त्यातलं काहीही थांबलं की नळ थांबतो, मग धरण कितीही भरलेलं असो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हे सगळ्या शहरानं अनुभवलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, उपसा केंद्रं पुरात बुडाली आणि सगळीकडं पाणीच पाणी असताना घरातले नळ कितीतरी दिवस कोरडे राहिले. म्हणून कोल्हापुरात पाणी वाचवायचं ते दुष्काळाच्या धाकानं नाही. नळ बंद पडला तरी घर किती दिवस तग धरेल, हा इथला खरा हिशेब आहे.

आधी मोजणी

मी त्यांना सांगितलं, बोअरवाल्याला थोडं थांबवा, आधी पाणी जातंय कुठं ते बघू. गच्चीवरच्या टाकीच्या आतल्या अंगाला सूनबाईंनी नेलपॉलिशनं दर १० सेंटिमीटरला खूण केली. टाकीचा व्यास १.१ मीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण साडेनऊ लिटर गेले. मोटर लावताना आणि बंद करताना पातळी किती होती, हे नातवंडांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचं. मुलांनी ते इतकं चोख केलं की आजोबांनी लपूनछपून मोटर लावली तरी त्याची नोंद व्हायची.

आकडा निघाला दिवसाला २००० लिटरच्या आसपास. सहा माणसांच्या घराला शहरी पाणीपुरवठ्याचा १३५ लिटरचा निकष लावला तर ८१० लिटर होतात. इथं त्याच्या अडीचपट जात होतं. आणि दुखणं काय ते याच आकड्यात दिसत होतं: दोन दिवसांची गरज ४००० लिटर, दोन्ही टाक्या मिळून साठा ३०००. उरलेल्या १००० लिटरसाठी टँकर.

घरातल्यांचा संशय भांड्यांच्या नळावर होता. “मावशी नळ सोडून ठेवतात” हे वाक्य त्या घरात रोज बोललं जायचं. म्हणून दोन-तीन दिवस मोरीच्या नळाखाली बादल्या मोजून भांडी घासली. सव्वाशे लिटरही भरले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कितीतरी घरांत पाण्याचा पहिला ठपका धुण्या-भांड्याला येणाऱ्या बाईवर ठेवला जातो आणि तो तपासायचे कष्ट कुणी घेत नाही.

त्याच दिवसांत मावशींनीच एक गोष्ट दाखवली. “वैनी, मागच्या बोळात आळू बघा की कसला माजलाय. कोण पाणी घालतंय त्येला?” घराच्या मागं, कंपाउंडला लागून गटार आहे. तिथं भर मे महिन्यात अळूची पानं सुपाएवढी झाली होती. भिंतीवरून हिरव्यागार शेवाळाचा एक पट्टा खाली आला होता आणि तो जिथून निघत होता तिथं एका पाइपचं तोंड होतं. जमिनीतल्या टाकीचा ओव्हरफ्लो. हात लावला तर पाइपचा काठ दुपारीही ओलसर होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा बादली घेऊन तिथं थांबला. टाकी भरली आणि पाइपातून धार सुरू झाली. २० लिटरची बादली दीड मिनिटात भरत होती, आणि नळाचं पाणी जाईपर्यंत जवळपास अर्धा तास ती धार चालू होती. म्हणजे पाणी आलं की प्रत्येक वेळी ४०० लिटर सरळ गटारात. टाकीचं झाकण काढलं तर कारण सापडलं: बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या तोटीचा, प्लॅस्टिकचा चेंडू चिरला होता, त्यात पाणी शिरलं होतं, त्यामुळे तो तरंगायचाच बंद झाला होता. हे ४०० लिटर त्या २००० मध्ये धरलेलेच नव्हते, कारण ते घरात आलेच नव्हते. पण मीटरमधून मात्र गेले होते. शिवाय गल्लीच्या टोकाच्या घरांना पहाटे दाब मिळत नाही अशी तक्रार जुनीच होती. इथली धार थांबल्यावर त्यांना थोडं तरी पाणी मिळालं असणार.

रात्रीची गळती

ज्याला मीटर आहे किंवा गच्चीवर टाकी आहे, त्यानं रात्रीची चाचणी जरूर करावी. रात्री अकराला सगळी निजानीज झाल्यावर पातळी बघायची, त्यानंतर कुणी नळ सोडायचा नाही, फ्लश ओढायचा नाही, आणि पहाटे पाचला पुन्हा बघायची. या घरात सहा तासांत पातळी ४ सेंटिमीटर उतरली. ३८ लिटर. चोवीस तासांचा हिशेब केला तर दीडशे लिटर, आणि घरात एकही नळ ठिबकत नव्हता.

अशा वेळी फ्लशच्या टाकीकडं बघायचं. जिलेबीत घालतात तो केशरी खाण्याचा रंग चिमूटभर टाकीत टाकला, फ्लश न ओढता पाव तास थांबलो. खालच्या मजल्यावर काही झालं नाही. वरच्या मजल्यावर भांड्याच्या मागच्या बाजूनं केसासारखी बारीक केशरी रेघ उतरताना दिसली. ना आवाज, ना ओल. तळाचं रबर कडक होऊन कडेला किंचित वर उचललं गेलं होतं, बस. प्लंबरमामांनी रबर बदललं. पुढच्या रात्री पातळी जागची हलली नाही. बॉल कॉक आणि रबर या दोन्हींचा मिळून खर्च एका टँकरपेक्षा कमी आला.

हिरवळीचा वाद

खरा खर्च बागेत होता. बागेचा पाइप बादलीत धरला तर २० लिटर मिनिटाला थोडं वर लागून भरले. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. म्हणजे दिवसाला सहाशे लिटर. अंगण आणि गाडी धुणं धरलं तर आणखी शंभर-सव्वाशे.

एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळीच्या जागेतून दिवसाला साधारण ६ मिलिमीटर पाणी उडून जातं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर, तेव्हा ती हिरवळ नुसती जिवंत ठेवायला पावणेतीनशे लिटर लागणारच. बाकीचं पाणी फरशीवर, मुळांच्या खाली आणि फाटकाबाहेर.

मुलगा म्हणाला, हिरवळ काढून सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाकू. काकूंनी साफ नकार दिला, आणि मला काकूंचंच पटलं. पेव्हर तापतात, घर तापतं, पावसाचं पाणी मुरायचं थांबतं आणि पोरांना पडायला-झडायला जागा राहत नाही. अंगण सिमेंटनं बंद करून पाणी वाचवणं हा चुकीचा मार्ग आहे, असं मी कुणालाही सांगेन. शेवटी पायऱ्यांलगतची, दुपारनंतर सावली येते तेवढी, तिसरा हिस्सा हिरवळ ठेवली. बाकीच्या जागेत झाडांभोवती आळी मोठी केली आणि त्यावर पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांचं, आच्छादन घातलं.

पाचट ही आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू असेल. गळिताच्या हंगामात उसाची तोड झाली की अजूनही कितीतरी ठिकाणी ते पेटवून देतात. काकूंच्या माहेरी वडणग्याला ऊस आहे. भावानं छोट्या टेम्पोतून पाचट पाठवलं. चार बोटं जाडीचा थर दिला, खोडाला मात्र चिकटू दिला नाही, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडली. वरून शेणकाला शिंपडला, म्हणजे कुजताना जमिनीतला नत्र ओढला जात नाही. वाळवीकडं लक्ष ठेवायला लागतं, कोरडं पाचट तिला आवडतं. महिन्याभरानं दुपारी दोन वाजता पेरूच्या बुडातलं पाचट उचलून बघितलं. बाजूची उघडी माती हाताला चटका देत होती, तिला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. पाचटाखालची माती गार, काळी, भुसभुशीत. मुठीत दाबली तर गोळा होत होता. तीन दिवस तिथं पाणी घातलेलं नव्हतं. एक गांडूळ उजेड दिसताच आत सरकलं. काकूंनी त्या दिवशी पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला. आता बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं आणि कोरडं लागलं तरच पाणी घालायचं, तेही दिवस मावळल्यावर.

नारळाला उन्हाळ्यात रोज ४०-५० लिटर पाणी हवं. दोन्ही नारळांची सोय वॉशिंग मशीनच्या पाण्यावर केली. मशीनचा पाइप गटारातून काढून कर्दळीच्या वाफ्यात सोडला, त्यातून झिरपून पाणी चरानं नारळाच्या आळ्यात जातं. मागच्या बोळातला अळू ओव्हरफ्लो बंद झाल्यावर माना टाकायला लागला होता. त्याचे गड्डे मावशींनी उपटून कर्दळीच्या शेजारी लावले. तो आता शोभेपुरता. साबणाच्या पाण्यावरची पानं खायची नाहीत, हे मी बजावून सांगितलं. बाकीचे नियमही सोपे आहेत: ब्लीच घातलेलं पाणी बागेत सोडायचं नाही, मेथी-कोथिंबिरीला हे पाणी द्यायचं नाही, आणि ते बादलीत रात्रभर साठवून ठेवायचं नाही, दुसऱ्या दिवशी घाण मारतं. पावसाळ्यात पाइप पुन्हा ड्रेनेजला जोडायचा. घरातून कमी सांडपाणी गेलं की त्याचा फायदा घराबाहेरही होतो. शहराचं सांडपाणी जयंती नाल्यावाटे कसबा बावड्याच्या केंद्राकडं वळवतात; जे वळत नाही ते पंचगंगेत जातं आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत वाटेतली गावं ते सोसतात. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यानं काविळीची साथ आली होती, ती विसरण्यासारखी नाही.

जे जमलं, जे जमलं नाही

नळांना जाळीच्या तोट्या बसवून बघितल्या. वॉश बेसिनला त्या उत्तम, दात घासताना आणि हात धुताना पाणी निम्म्यावर येतं. स्वयंपाकघरात मात्र काकूंनी दोन दिवसांत काढायला लावली, आणि ते बरोबरच होतं. घागर किंवा कुकर भरायला जेवढं पाणी लागतं तेवढं लागतंच. जाळीनं फक्त वेळ वाढतो. बादलीनं अंघोळ करणाऱ्याच्या नळालाही तिचा उपयोग नाही. कुंड्यांना ठिबक लावलं होतं, त्याची बारीक तोंडं सारखी तुंबायची. झारी बरी.

आरओचं यंत्र ही वेगळीच गोष्ट. एक लिटर शुद्ध पाण्यामागं ते दोन-तीन लिटर फेकतं. घरी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजला तर नळाचं पाणीच शंभरच्या आसपास. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत टीडीएस चालतो, आणि त्याहून कमी असेल तिथं आरओ वापरू नये असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच म्हटलं होतं. सह्याद्रीच्या पावसाचं पाणी आहे हे, त्यात क्षार काढण्याएवढे असतातच कुठं? जंतूंसाठी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचं यंत्र, पुरेसं आहे. फिल्टर बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी आरओ काढून यूव्हीचं यंत्र घेतलं. बोअर मारली असती तर जड पाण्यासाठी उलट आरओची गरज पडली असती.

या सगळ्यानंतर कॅलेंडरवरचा आकडा १३०० लिटरच्या आसपास स्थिरावला. वाचले ते असे: गळतीचे दीडशे, बागेचे चारशेच्या पुढं, गाडी-अंगणाचे शंभर, बाकी किरकोळ. दोन दिवसांची गरज २६०० झाली आणि साठा तर ३००० चा आहेच. टँकर बंद झाला.

गच्चीवरचा पाऊस

छतावरच्या पावसाचा विषय काकांनी काढला. त्यांना हे पाणी साठवून उन्हाळ्यात वापरायचं होतं. १२०० चौरस फूट म्हणजे सुमारे ११० चौरस मीटर; उडालेलं, सांडलेलं वजा करून वर्षाला ८५-९० हजार लिटर मिळू शकतात. आकडा मोहात पाडणारा आहे. पण आपला पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि टंचाई एप्रिल-मेमध्ये येते. नुसतं दोन महिन्यांचं पाणी साठवायचं तर ७८ हजार लिटरची टाकी हवी. ती बांधायची म्हणजे निम्मं अंगण खणायचं. मी त्यांना तो नाद सोडायला लावला.

त्याऐवजी पावसासाठी वेगळी १००० लिटरची टाकी बसवली, जिन्याखाली, उंच ओट्यावर, आणि ती फक्त पुराच्या दिवसांसाठी. छतावर १२ मिलिमीटर पाऊस झाला की ती भरते. जुलैत एवढा पाऊस एका दुपारीही होऊन जातो. नळ बंद पडले तर संडास, धुणं आणि फरशी यांना काटकसरीनं दिवसाला अडीचशे लिटर पुरतात, म्हणजे एक भरलेली टाकी चार दिवस चालते. आणि महापूर येतो तेव्हा पाऊस सहसा थांबलेला नसतो, टाकी पुन्हा भरत राहते. तिला मोटर लागत नाही, वीज लागत नाही. २०१९ मध्ये याच घरातल्या सूनबाई धाकट्याला कडेवर घेऊन भर पावसात टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. टाकी बसवायचा आग्रह त्यांचाच होता.

मृगाच्या आधी गच्ची झाडून घ्यायची, पहिले चार-पाच पाऊस बाजूच्या व्हॉल्व्हनं सोडून द्यायचे, तोंडाला बारीक जाळी आणि ओव्हरफ्लोला फडकं बांधायचं, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पोसले जातात. प्यायला हे पाणी वापरायचं नाही. अगदीच वेळ आली तर गाळून, खळखळून उकळून. टाकी भरल्यावरचं जास्तीचं पाणी पायापासून लांब, पेरूपलीकडच्या शोषखड्ड्यात सोडलं आहे.

एक काम अजून राहिलं आहे. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी खालच्या न्हाणीघरात पोचायला लांबचा पाइप ओलांडून येतं, आणि तोवर सकाळी पहिल्या अंघोळीला आठ-दहा लिटर गार पाणी सोडून द्यावं लागतं. सध्या ते बादलीत धरून फरशीला वापरतात. पाइपला वेष्टण घातलं तर लागोपाठच्या अंघोळींना फरक पडेल, पण रात्रभर थांबलेलं पाणी गार व्हायचं ते होणारच. खालच्या अंघोळी वरच्या मजल्यावर हलवता येतील का, यावर सध्या घरात बोलणं चालू आहे. काकांचा गुडघा दुखतो, त्यामुळे त्यांच्यापुरती तरी खालची सोय ठेवावी लागेल.